पट सोडून पोरं मोजणाऱ्या सरांना

तुर्भे, नवी मुंबई

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आमचे केंद्र समन्वयक म्हणून सेवानिवृत्त झालात त्या दिवशी तुम्ही शाल-श्रीफळ घेतलंत, फोटोला उभे राहिलात आणि भाषणं सुरू व्हायच्या आत "ठाण्याला काम आहे" म्हणून निघूनही गेलात. आम्हा मुख्याध्यापकांची लिहून आणलेली भाषणं पर्समध्ये आणि खिशातच राहिली. माझ्या भाषणाचं काही फार वाईट वाटलं नाही, त्यात 'ज्ञानदीप' आणि 'वटवृक्ष' दोन्ही होते. पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच. म्हणून हे उघड पत्र. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंतच्या शिक्षकांना नाव सांगायची तशी गरजही नाही.

शाळेबाहेरच्या वाचकांना केंद्र समन्वयक म्हणजे नेमकं काय, हे माहीत नसतं, म्हणून आधी तेवढं सांगते. आसपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र. त्यात महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा, एखादी अनुदानित, दोन-चार खासगी इंग्रजी. समन्वयकाची खुर्ची मुख्याध्यापकांच्या वर आणि विस्तार अधिकाऱ्यांच्या खाली. त्यांच्या हातात ना बदली, ना निधी. खालून माहिती गोळा करायची, वर पाठवायची, वरून पत्र आलं की "आजच दुपारी १२ पर्यंत" असं लिहून व्हॉट्सॲपवर ढकलायचं. बहुतेक जण पोस्टमनचं काम करतात आणि निवृत्त होतात. त्यांना नावं ठेवत नाही मी. त्या खुर्चीकडून कुणी त्याहून जास्त मागतही नाही.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या शाळांमध्ये एक भांडण होतं. उघड नव्हे, पण सगळ्यांना ठाऊक असलेलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. म्हणजे ६१ वरून एक मूल गेलं की एक शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्यामुळे ती तारीख जवळ आली की दाखला मागायला आलेल्या बापाला उत्तर ठरलेलं: "मोठ्या बाई नाहीत, पुढच्या आठवड्यात या." त्याचा तर एक दिवसाचा रोज बुडालेला. तो पुढच्या आठवड्यात येत नाही. तिकडे नवी शाळा म्हणते, दाखला आणा, मग नाव घालू. मधल्या मध्ये पोरगं खाणीवर, नाहीतर बिल्डिंगच्या साइटवर वाळू चाळत बसलेलं. आणि जुन्या शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव ठणठणीत!

कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे. दुसऱ्या शाळेत जायचा मुलाला हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. हे कलम आम्हाला पाठ होतं. दर प्रशिक्षणात त्याची स्लाइड असते. तुम्ही पहिल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्राच्या मासिक बैठकीत, स्लाइड लावलीच नाहीत. खुर्ची ओढून आमच्यात बसलात आणि म्हणालात, "तुमच्या पटावर आहेत पण वर्गात नाहीत, अशा मुलांची नावं सांगा. आकडा नको. रजिस्टर न बघता."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. कोण कशाला सांगेल? शेवटी हिंदी माध्यमाच्या गुरुजींनी धीर करून तीन नावं घेतली. तिसरं नाव ऐकल्यावर उर्दू शाळेच्या बाजी म्हणाल्या, "ये तो मेरे यहाँ बैठता है. दाखिला नहीं है, तो नाम नहीं चढ़ाया." एक मूल, दोन शाळा, मधे एक नाला आणि एक रिक्षा स्टँड. इकडे हजर नाही म्हणून पाठ्यपुस्तकं कपाटात पडलेली, तिकडे नाव नाही म्हणून मिळत नाहीत. गुरुजींनी त्याच दिवशी दाखला दिला. तुम्ही त्यांना ओरडला नाहीत, शाबासकीही दिली नाहीत, फक्त विचारलंत, "बाकी दोघं कुठे आहेत?"

त्या दिवसापासून दर महिन्याच्या परिषदेचा पहिला अर्धा तास नावांचा झाला आणि अहवाल, निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानाचे तक्ते वगैरे त्यानंतर.

मग तुमची ती लाल कापडी बांधणीची वही आली, वाण्याकडे असते तशी. रकाने तुम्हीच आखलेत: मुलाचं नाव, आईचं नाव, मूळ गाव, मुकादम, किराणा दुकान, सध्या कुठे. बापाच्या मोबाइलला रकाना नव्हता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "बाई, बापाचा नंबर दर रिचार्जला बदलतो, मुकादमाचा दहा वर्षं तोच असतो. त्याला कामं मिळायची असतात ना!" इतकी साधी गोष्ट. आमचे प्रवेश अर्ज बंद पडलेल्या नंबरांनी भरलेले होते आणि आम्ही "पालक संपर्कात नाहीत" असा शेरा मारून मोकळे होत होतो. शाळा-विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारं सरल आहे, यू-डायस आहे, सगळं ऑनलाइन आहे, पण पोर्टलवर मुलाचं नाव कुठल्या शाळेत आहे एवढंच कळतं. ते मूल आज सकाळी कुठे आहे, हे तुर्भे नाक्यावर ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून उभ्या असलेल्या बाईला विचारावं लागतं, आणि तेही नऊच्या आत. नंतर नाका रिकामा होतो.

तुम्हाला वाशिमकडची ती मुलगी आठवत असेलच. दहा-अकरा वर्षांची, शाळेत कधी गेलेली नाही, कागद एकही नाही. आधीच्या एका शाळेनं तिला पहिलीत बसवलं होतं. गुडघे बाकात मावेनात, सहा वर्षांची पोरं तिला "काकू" म्हणायला लागली, ती पळाली. आमच्याकडे आणली तेव्हा तुम्ही कलम ४ काढलंत. वयाला साजेसा वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. "पाचवीत बसवा." वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, हिला अक्षरओळख नाही." तुम्ही त्या मुलीलाच विचारलंत, "मुकादमाची उचल किती घेतली होती? फिटली किती?" तिनं बोटं न मोजता सांगितलं. घेतली किती, दर शनिवारी कापतात किती, राहिली किती. बाईंकडे वळून तुम्ही म्हणालात, "वजाबाकी झालेली आहे. पुढचं घ्या."

पण ती दुसऱ्या दिवशी वर्गात आलीच नाही. गेटवर होती. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, त्याच्या हातात ग्लुकोजचं बिस्कीट, आणि वॉचमन म्हणतोय, लहान मूल आत चालणार नाही. आई सातला नाक्यावर जाणार, अंगणवाडी उघडणार नंतर, मधला वेळ त्या भावाचा. अशा वेळी आपल्या खात्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वॉचमन बाईंकडे बोट दाखवतो, बाई मुख्याध्यापिकेकडे, मुख्याध्यापिका म्हणते लेखी द्या. मूल पडलं, लागलं तर उत्तर कोण देणार, हा प्रश्न खोटाही नसतो.

तुम्ही ऑफिसात आलात, शेरेबुक मागवलंत आणि उभ्या उभ्याच लिहिलंत की अंगणवाडी उघडेपर्यंत धाकटं भावंड वर्गात बसू द्यावं, ही परवानगी माझी आहे. खाली सही, तारीख. बस्स. त्या चार ओळींचा फोटो केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरला आणि पुढच्या महिन्याभरात कितीतरी मोठ्या बहिणी वर्गात दिसायला लागल्या. सर, मला आभार मानायचेत ते मुख्यतः याचे. मुलांबद्दल कळवळा आमच्यातल्या बहुतेकांना असतो. पण साहेबांनी स्वतःच्या सहीनं जबाबदारी उचललेली पाहिली की खालच्या माणसाला हातपाय हलवता येतात. तुमच्या त्या सहीच्या आडोशाला मी पुढे बरंच काही केलं. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरीतल्या त्या मुलाबद्दलही लिहायलाच हवं. "लक्ष देत नाही, हट्टी आहे" असा त्याच्याबद्दलचा शेरा वर्षानुवर्षं पुढच्या वर्गात सरकत आला होता. एकदा पोषण आहाराच्या वेळी तुम्ही ओट्याशी उभे होता. मावशींच्या हातून स्टीलच्या ताटल्यांची चवड फरशीवर पडली. काय तो आवाज! सगळी पोरं दचकली, मागे वळली. हा खिचडीतले वाटाणे वेचून खात राहिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. त्याच आठवड्यात दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षिका आल्या. मग वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, मग वांद्र्याची श्रवणदोषासाठीची अली यावर जंग संस्था, तपासण्या, आणि अखेर कानाला मशीन.

मशीन मिळालं की काम झालं, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्हाला वाटलं नव्हतं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण त्याला ओठ दिसायला हवेत. रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवायचं. एक सूचना दिली की दुसरी देण्याआधी थांबायचं. आणि आमच्या गुरुजींना तुम्ही मिशी कापायला लावलीत! ती मिशी लग्नाच्या आधीपासूनची होती. त्यांच्या सौभाग्यवतींनी तुमचे आभार वेगळे मानलेत, ते या पत्रात धरू नयेत. नंतर हाच पाठ तुम्ही सगळ्या शाळांच्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांना बोलावून आमच्या गुरुजींकडूनच द्यायला लावलात. विशेष शिक्षिका एक आणि तिच्या वाट्याला शाळा अनेक, ती रोज कुठे कुठे पुरणार? त्या पाठानंतर दुसऱ्या दोन शाळांनी आपापल्या "हट्टी" मुलांना कान तपासायला पाठवलं.

ठाण्याच्या सिग्नल शाळेला तुम्ही आम्हाला नेलंत, तेही आठवतं. तीन हात नाक्याच्या पुलाखाली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेली शाळा. आम्ही फोटो काढत होतो, तुम्ही तिथल्या शिक्षकांना मुलं रात्री कुठे झोपतात, सकाळी किती वाजता उठतात, हे विचारत होतात. परतीच्या लोकलमध्ये ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत आमचं शाळेच्या वेळेवरून भांडण चाललं होतं.

करोनाबद्दल फार लिहवत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वस्तीतली माणसं गावाकडे निघाली. शाळा पुन्हा पूर्ण भरेपर्यंत २०२२ उजाडलं. तेव्हा त्या वहीतले मुकादमांचे नंबर कामाला आले. परत न आलेल्या मुलांच्या गावच्या शाळांना तुम्ही स्वतः फोन लावलेत: "आमचं पोरगं तुमच्या गावात आहे, बघून घ्या." ज्यांचे आईबाप गेले, त्यांचे बालसंगोपन योजनेचे अर्ज तुम्ही आमच्या ऑफिसात बसून भरलेत. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बालकल्याण समितीपुढे हजर राहणं. महिन्याला २२५० रुपयांसाठी आजीबाईला इतक्या ठिकाणी फिरावं लागतं, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा तिच्याबरोबर फिरून बघावं.

आता एका बाबतीत माझं तुमचं कधीच पटलं नाही, तेही लिहिते, नाहीतर तुम्हीच म्हणाल की पत्र गोड झालंय. गृहभेटी रविवारीच करायच्या हा तुमचा हट्ट. पालक रविवारी सापडतात हे खरं. पण आमच्या निम्म्याहून जास्त शिक्षिका, त्यांच्याही घरी पोरं, सासू-सासरे, आठवड्याचे कपडे. त्या बदल्यात सुट्टी द्यायची सोय तुमच्या हातात नव्हती, मान्य. पण दोन शिक्षिकांनी थकून बदली मागितली आणि त्या दोघीही चांगल्या होत्या. नव्या मॅडमनी आता भेटी आळीपाळीनं, शाळेच्या वेळातच संध्याकाळकडे ठेवल्यात. मला ते जास्त बरोबर वाटतं.

हो, नव्या मॅडम आल्या. तरुण आहेत, झपाट्यानं काम करतात. परिषदेचा पहिला अर्धा तास अजून नावांचाच आहे, आम्ही सोडू दिला नाही. तुमची वही त्यांनी गुगल शीटवर चढवायला घेतली आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय. सर, तुमचं अक्षर! 'कळंबोली' आणि 'कोंबडभुजे' मला एकसारखंच दिसतं. एका ठिकाणी नुसतं "दिघा, मामा, सोमवार" असं लिहिलंय. कोणाचा मामा, कुठला सोमवार, काही कळत नाही. मुलगा आता आठवीत असायला हवा आणि ३० सप्टेंबरच्या आत तो कुठल्या तरी शाळेत सापडायला हवा. तेवढं आठवून फोन करा. रविवारी केलात तरी चालेल.

आपली,
तुर्भ्याची एक मुख्याध्यापिका