तरुणांचा कर्करोग: दोष फक्त खाण्यापिण्याचा नाही

‘तरुणांमधील कर्करोग’ हा लेख वाचला. त्यात सगळा दोष जीवनशैलीवर टाकला आहे, तो अर्धवट वाटतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. पेशीचे विभाजन होताना डीएनएची सुमारे ६ अब्ज अक्षरे नव्याने उतरवली जातात. त्यात चुका होतातच. दुरुस्ती करणारी जनुके त्या निस्तरतात. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात अशा एका जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, की चुका झपाट्याने साठतात आणि उतारवयातला हा कर्करोग तिशी-चाळिशीतच गाठतो. बहुतेक तरुण रुग्णांत मात्र असा वारसा सापडत नाही, त्यामुळे ‘आमच्या घरात कुणाला नाही’ या दिलाशावर विसंबू नये.

खरे नुकसान उशिरामुळे होते. शौचातून रक्त पडले की वय पाहून मूळव्याध ठरवली जाते, मलम दिले जाते. रक्त शौचात मिसळलेले असेल, सोबत लोहाची कमतरता किंवा वजनात घट असेल, तर वय २५ असले तरी कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीचा) आग्रह धरावा. आई-वडील किंवा भावंडाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असल्यास त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे किंवा वयाच्या ४०व्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पहिली तपासणी करावी.