आमच्या गावाच्या गाईड कॅप्टन बाईंस

आदरणीय बाईंस,
सादर नमस्कार.

स्काऊट-गाईडमधील मुलींचे पथक चालवणाऱ्या आपण या जूनपासून शाळेत नसाल, हे निरोप समारंभाच्या पत्रिकेवरून कळले. त्या समारंभात पालकांच्या वतीने दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. परंतु मला जे सांगायचे आहे ते दोन शब्दांत मावणारे नाही, आणि रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातील इतर गावांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील त्या दुपारबद्दल आपण माझ्या मुलीकडून ऐकले आहे, माझ्याकडून नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. सत्तरी ओलांडलेले माझे वडील, आप्पा, बागेच्या पश्चिमेकडील शेवरीचे कुंपण सावरत असताना बांधावरच कोसळले. अंग भट्टीसारखे तापले होते, काही वेळ ते असंबद्ध बोलत राहिले आणि मग त्यांची शुद्ध हरपली. हाकाटी ऐकून आजूबाजूच्या वावरांतून पंधरा-वीस माणसे धावत आली. कोणी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला, कोणी फोन लावू लागले, आणि माझे चुलते तांब्या घेऊन त्यांच्या तोंडात पाणी ओतण्यासाठी वाकले. त्या क्षणी नववीत शिकणाऱ्या माझ्या लेकीने चुलत्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बापू, पाणी पाजू नका. ते शुद्धीत नाहीत, पाणी श्वासात जाईल." आमच्या घरात वडीलधाऱ्यांचा हात धरण्याची रीत नाही. तरीही चुलते थांबले, कारण तिच्या आवाजात घाबरटपणा नव्हता.

त्यानंतरची काही मिनिटे मी अनेकदा आठवून पाहिली आहेत. तिने आप्पांना सावलीत हलवायला लावले, कुशीवर वळवले, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि ठिबकची नळी उपसून तिच्या पाण्याने भिजवलेली फडकी त्यांच्या मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवली. दोन बायांना पदराने सतत वारा घालायला सांगितले. तिची संघनायिका, म्हणजे गाईड पथकातील तिच्या तुकडीची प्रमुख मुलगी, त्या दिवशी आपल्या आईबरोबर आमच्याच बागेत कामाला आली होती. तिने केळीच्या घडांना टेकू म्हणून लावायचे दोन बांबू उचलले, खताच्या तीन रिकाम्या गोण्यांचे तळाचे कोपरे कापले आणि त्यांतून बांबू ओवून झोळी तयार केली. तेवढ्या धांदलीतही तिने आधी एका धडधाकट गड्याला त्या झोळीवर झोपवून, उचलून पाहिले, आणि मगच आप्पांना त्यावर घेतले. रस्त्यावर उभ्या असलेल्या पिकअपपर्यंतचे अर्ध्या किलोमीटरचे अंतर चार माणसांनी तिच्या शिट्टीवर, पायाला पाय जुळवून पार केले. अंग जागेवरच थंड करायला घेतले म्हणून आप्पा बचावले, असे तालुक्याच्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितले.

बाई, त्या बांधावर जमलेल्या प्रत्येकाच्या मनात आप्पांविषयी माया होती. काय करायचे हे मात्र त्या दोन मुलींनाच ठाऊक होते, आणि नुसते ठाऊक नव्हते, तर हाताला सवयीचे होते. आपण रविवारी शाळेच्या पटांगणात या मुलींकडून तीच झोळी पुन्हा पुन्हा बांधून घेत होता, तेव्हा आम्ही रस्त्यावरून जाता-जाता ते पाहत होतो आणि त्याला खेळ समजत होतो.

मी स्वतः काय समजत होतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. मुलगी पाचवीत असताना तिला गाईड पथकात घालण्यास मी नकार दिला होता. पोरींनी गणवेश चढवून, शिट्ट्या वाजवत डोंगरात मुक्काम का करावा, हा माझा प्रश्न होता आणि तो मी पालकसभेत सर्वांसमोर विचारला होता. आपण रागावला नाहीत. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांच्या स्काऊट मेळाव्याला काही मुली न बोलावता आल्या आणि आम्हालाही हे हवे म्हणाल्या, त्यातूनच गाईड चळवळ उभी राहिली, असे आपण सांगितले. भारतातील पहिले गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला, म्हणजे आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच्या गावी निघाले, हेही सांगितले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत सामील झाली, तेव्हापासून मुलामुलींचे वचन एकच आहे, हे आपले वाक्य मला आजही आठवते. मुली मागून आल्या, पण मागे राहिल्या नाहीत, असे आपण म्हणालात, आणि सभेतल्या आयांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मी संमतिपत्रावर सही केली.

पाल गावच्या गाईड शिबिराबद्दल मात्र मी आपला विशेष ऋणी आहे. सातपुड्याच्या कुशीत, सुकी नदीच्या परिसरात तीन दिवस मुली तंबूत राहिल्या. बिनभांड्याच्या स्वयंपाकात त्यांनी पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या भाजल्या. ही विद्या खानदेशात आजीकडून नातीकडे येतेच, त्यात नवल नाही. नवल वाटले ते संघाच्या रचनेचे. माझ्या मुलीची संघनायिका म्हणून आपण जिची निवड केली, ती आमच्या बागेत मजुरीला येणाऱ्या पावरा कुटुंबातील मुलगी होती. जंगलातील मागाच्या खुणा तिला सर्वांत आधी दिसत, वाळलेले सरपण कोठे मिळेल ते ती न विचारता सांगे, आणि लाकडे आणण्यापासून तंबूभोवती चर खणण्यापर्यंतची कामे तीच वाटून देई. बागाइतदाराच्या लेकीने तीन दिवस तिचा हुकूम मानला. घरी परतल्यावर मुलीने तिला जेवायला बोलावले, आणि ती ओसरीवर न थांबता माजघरात येऊन आमच्या पंगतीला बसली. गावात समतेवर भाषणे पुष्कळ झाली आहेत. आमच्या घरातली पंगत मात्र आपल्या शिबिरामुळे बदलली, आणि ही गोष्ट लिहिताना मला संकोच वाटत नाही.

खऱ्या कमाईच्या उपक्रमाचाही उल्लेख करतो. उन्हाळ्यात घरोघरी बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया घालायला मुलींनी मदत केली, मजुरी रीतसर मागून घेतली, आणि त्या पैशांतून ग्रामपंचायतीत प्रथमोपचार पेटी आणून ठेवली. पेटीतील कोणते औषध केव्हा बाद होते याची वही त्याच ठेवतात. महाशिवरात्रीला चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर यात्रेत चुकलेल्या मुलांना त्यांच्या आईबापांपर्यंत पोहोचवण्याचे कामही त्यांनी दिवसभर उन्हात उभे राहून केले. आणखी एक गोष्ट कदाचित आपल्याला ठाऊक नसेल. क्लोव्ह हिच ही गाठ आता आमच्या शिवारात पोरींकडून गड्यांपर्यंत पोहोचली आहे. मे-जूनच्या वादळाआधी टेकूचे बांबू बांधताना आमचे जुने गडीदेखील "गाईडची गाठ मार" असेच म्हणतात.

हे सर्व आपोआप घडत नाही, याची मला जाणीव आहे. काही ठिकाणी हे पथक हजेरीपटावर असते आणि गणवेश फक्त १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला पेटीबाहेर निघतो, हे मी माझ्या नातेवाइकांच्या मुलांमध्ये पाहिले आहे. तेथे मुले कमी हुशार नसतात; रविवार देणारे कोणी नसते. आपण किती रविवार दिलेत, याचा हिशेब आपल्या घरच्यांनाच ठाऊक असेल, म्हणून हे आभार त्यांनाही आहेत.

आता एक विनंती. आपल्या जागी येणाऱ्या शिक्षिकांचे गाईड कॅप्टनचे प्रशिक्षण व्हायला वेळ लागेल, आणि तोवर पथक बंद पडावे असे आम्हा पालकांना वाटत नाही. रविवारच्या सरावासाठी आमच्या केळीच्या पॅकिंगची शेड मोकळी करून दिली आहे. बांबू, दोर आणि गोण्या आणून ठेवल्या आहेत. आपल्या जुन्या संघनायिका पाचवीच्या मुलींना शिकवणार आहेत आणि पहिल्या दिवशी झोळीवर झोपायला आप्पा स्वतः तयार आहेत. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपण यावे. न्यायला मी स्वतः येईन.

आपला कृतज्ञ,
एक पालक
तालुका रावेर, जिल्हा जळगाव