मोहनमाळ यादीत नाही

पुणे,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आजीचे दागिने सगळे अंगावर घालूनच जर्मनीला नेते, कोण बघतंय?" बाबा शेजारी होते म्हणून मी गप्प बसले. बावीस वर्षं बँकेत फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर काढलेल्या बाईची लेक हे बोलते, याचा राग कमी आला, हसू जास्त. फोनवर तू "हो गं, कळलं" म्हणून पुढे पळतेस. पत्र वाचताना तसं पळता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बुधवारी आम्ही लॉकर उघडला. आजीचा तो पितळी डबा, आत लाल कापडाची पुरचुंडी, तिच्या आत सराफाच्या गुलाबी कागदात पाटल्या. कागदाबरोबर चिठ्ठी निघाली: "पाटल्या जोड, तोळे 6, मे 1962". कोल्हापूरच्या गुजरीतली खरेदी, आजीच्या लग्नाची. लक्ष्मी रोडला नेऊन वजन केलं तर भरल्या 68.4 ग्रॅम. बाबा बुचकळ्यात. सहा तोळे म्हणजे साठ ग्रॅम, मग आठ ग्रॅम वर कुठून आले? सराफ हसला. म्हणाला, काका, हा जुना तोळा, 11.66 ग्रॅमचा. सहा तोळ्यांचे सत्तर ग्रॅम होतात. म्हणजे वर आलेलं काही नव्हतंच, उलट दीडेक ग्रॅम कमी होतं. ते साठ वर्षांत झिजलं. आजी भाकरी थापतानासुद्धा पाटल्या काढायची नाही, तुला आठवत असेल. परातीच्या काठाला लागून त्यांचा एक विशिष्ट आवाज यायचा.

(आजी नेहमी सांगायची की तिचं लग्न वेळेवर झालं. जानेवारी 1963 मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली. तिच्या धाकट्या जावेला 1964 मध्ये चौदा कॅरटचंच सोनं पडलं, आणि हा विषय त्या दोघींमध्ये शेवटपर्यंत मिटला नाही.)

ती चिठ्ठी जपून ठेवली आहे, आठवणीसाठी आणि कामासाठीही. आपल्याकडे 1972 चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि जुना दागिना बघून विमानतळावरच्या माणसाला शंका आली, तर वय सिद्ध करायला आपल्याकडे काहीतरी हवं. पाटल्यांना त्रेसष्ट वर्षं झाली, चिठ्ठी तेच सांगते. ठुशी 1970 च्या आसपासची, तिचंही बिल आहे. नथ मात्र वेगळी. ती आजीच्या आजीची, बसरा मोत्यांची, शंभरी नक्की ओलांडलेली. ती कुठेही जाणार नाही. तू लग्नाकार्याला येशील तेव्हा इथे घालायची आणि इथेच ठेवायची. आजीनेही मृत्युपत्रात "नथ घरात राहावी" असंच लिहिलंय. तिला कायदा ठाऊक नव्हता, पण निकाल तोच.

डब्यात सोन्यात मढवलेलं एक वाघनखही निघालं, बाबांच्या बाळपणीचं. त्याचं काय करायचं ते वनखात्याला विचारून बाबा ठरवतील. तू त्याचं नावही काढू नकोस, फोटोही कुणाला पाठवू नकोस.

आता पाटल्या आणि ठुशी. मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं आहे आणि त्यात हे दोन्ही तुझ्या नावाने स्पष्ट आहेत. सरकारमान्य व्हॅल्युअरकडून दाखला करून घेतला. त्याला मी तीनदा बजावलं की तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा, ढोबळ वजन वेगळं आणि निव्वळ वेगळं (ठुशीत लाख आणि दोरा आहे), आणि फोटोवर सही-शिक्का मारा. त्याने पहिल्यांदा तोळेच लिहिले. परत टाइप करून घेतलं.

तुमच्या युरोपीय संघाचा नियम आपल्या बाजूचा आहे. तिथे राहणाऱ्या माणसाला वारशाने मिळालेली घरगुती मालमत्ता बाहेरून आणताना सीमाशुल्क माफ असतं, वारसा पूर्ण होऊन ताब्यात आल्यापासून दोन वर्षांच्या आत आणली तर. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, हे वारशाने मिळाल्याचं नोटरीचं पत्र आणि वस्तूंची यादी. या कागदांचं जर्मन भाषांतर मी इथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घेते आहे. तुझं काम एवढंच की निघण्याआधी त्सोलला, म्हणजे तिथल्या कस्टम्सला, एक ईमेल करून कागद पुरेसे आहेत का ते लेखी विचार, आणि फ्रँकफर्टला उतरल्यावर लाल दरवाजातून, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या, जा. मनू, लाल. हिरव्यातून गेलीस आणि कुणी थांबवलं, तर माफी असलेला मालसुद्धा चोरून आणलेला ठरतो. मग हातातल्या फायलीचा उपयोग नाही.

इथून निघतानाही एक काम आहे. मुंबईला सामान देण्याआधी कस्टम्सच्या खिडकीवर जाऊन दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. त्याला वेळ लागतो, म्हणून चार तास आधी पोचायचं. तू म्हणशील, मी तर घेऊन चालले आहे, मग हे कशाला? परत येशील तेव्हासाठी. तुझी मावशी भाच्याच्या लग्नाला आली तेव्हा तिच्या हातात तिच्याच लग्नातल्या चार बांगड्या होत्या. विमानतळावर विचारलं, या इथूनच गेल्या होत्या याचा पुरावा? पुरावा काय, लग्नाचा अल्बम औरंगाबादला माळ्यावर. चार तास बसवून ठेवलं आणि शेवटी ड्यूटी भरून ती बाहेर आली. मांडवात पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. वर्षाहून अधिक बाहेर राहिलेल्या बाईला 40 ग्रॅम दागिने विनाशुल्क आणता यायचे हे खरं, पण त्याला एक लाख रुपयांची अट होती, 2016 च्या नियमातली. लाखात तोळाभर सोनंही येईनासं झालं होतं. तेव्हा त्या 40 ग्रॅमचा फक्त आकडा उरला होता.

आता पैसे. आजीच्या एफडीचे 18 लाख तुझ्या वाट्याला आले आहेत. ते तुझ्या जुन्या सेव्हिंग खात्यात जमा करायला मी नकार दिला, कारण ते खाते अजून रहिवासी भारतीयाचं आहे. 2019 पासून तू तिथे आहेस आणि मी तुला किमान पाच वेळा सांगितलं होतं की खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घे. माझ्याच पोटच्या पोरीचं खातं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, विरुद्ध चाललंय, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना कळलं तर काय म्हणतील! डिसेंबरात आलीस की पहिल्या दिवशी हे. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, तिथल्या पत्त्याचा पुरावा, पॅन.

एनआरओमधून बाहेर पाठवायची मर्यादा आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलर आहे, तेव्हा आपल्या 18 लाखांना कुणी अडवणार नाही. वारशावर आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच गेली. तरी बँक पैसे बाहेर पाठवण्याचं आयकराचं घोषणापत्र आणि सीएचं प्रमाणपत्र मागेल. दोन्ही दे, वाद घालू नकोस, काउंटरवरच्या मुलीच्या हातात काही नसतं. वाद घालायचाच तर युरोच्या भावावर घाल. तू इंटरनेटवर बघतेस तो भाव आणि बँक लावते तो भाव यात फरक असतो, आणि लोक कमिशनच्या पाचशे रुपयांवर भांडतात, भावाकडे बघत नाहीत. युरो 100 ने मिळाला तर 18 लाखांचे 18,000 युरो, 102 ने मिळाला तर 17,647. म्हणजे दोन रुपयांत साडेतीनशे युरो गेले. आधी फोन करून या रकमेला खास भाव काय द्याल ते विचार, दोन बँकांना विचार. मी टेबलावर होते तेव्हा जो विचारायचा त्याला मिळायचा. जो विचारत नसे त्याला बोर्डावरचा.

पैसे लगेच न्यायचे नसतील तर एनआरओवरच्या व्याजातून 30 टक्के आणि वर सेस कापला जाईल. भारत-जर्मनी करारामुळे तो 10 टक्क्यांवर येतो, पण तिथल्या करखात्याचा रहिवासाचा दाखला आणि इथल्या आयकर खात्याचा ठरलेला फॉर्म दिल्याशिवाय नाही. आणि ते व्याज तिथल्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं.

तिथल्या करखात्याचं निघालंच म्हणून सांगते. इथे वारसा कर नाही, पण तिथे राहणाऱ्याला जगातून कुठूनही मिळालेला वारसा त्यांच्या हिशेबात येतो. नातवंडाला आई-बाप हयात असताना 2 लाख युरोंपर्यंत सूट आहे, तेव्हा तुला काही भरावं लागणार नाही. मात्र कळल्यापासून तीन महिन्यांत फिनान्सआम्टला कळवायचं असतं. आजी सप्टेंबरात गेली. म्हणजे तू इथे यायच्या आत, साधं पत्र चालेल, पण ते पाठव.

आता तुझ्या त्या मैत्रिणीचा विषय. तिला इथे आई-वडिलांना पैसे द्यायचे आहेत, तुला तिथे हवे आहेत. ती तुला तिथे युरो देणार, आम्ही तिच्या वडिलांना इथे रुपये देणार, बँकेचा खर्च शून्य, भाव गूगलचा. सोयीचं दिसतं खरं. निम्मं स्टुटगार्ट हेच करत असेल. पण याचंच नाव हवाला, मनू, फक्त मध्ये दलाल नाही. फेमात याला रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. दंडाचं सोडून दे, तो कदाचित कधीच होणार नाही. उद्या तू तिथे घर घ्यायला जाशील आणि बँक विचारेल की हे 18 हजार युरो कुठून आले. तेव्हा तू काय दाखवशील? मैत्रिणीचा व्हॉट्सॲप? बँकेतून आलेल्या पैशाला मागे एक सरळ रेघ असते: आजीची एफडी, मृत्युपत्र, एनआरओ, सीएचा दाखला, तुझं खातं. रेघ एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. टेबलावर बसून मी अशी तुटलेली रेघ घेऊन आलेले लोक पाहिलेत, प्रामाणिक लोक, रडकुंडीला आलेले. तुझ्या मैत्रिणीच्या बाबांना मी फोन करून नम्रपणे नाही सांगितलं आहे. त्यांना थोडं लागलं असावं, पण ते होईल ठीक.

आणि शेवटी मोहनमाळ, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं.

तू म्हणालीस की तीही यादीत टाक, कुणाला काय कळणार. मोहनमाळ मृत्युपत्रात नाही, कारण आजीने ती 2022 मध्ये तुझ्या लग्नात स्वतःच्या हाताने तुझ्या गळ्यात घातली. मी तिथेच उभी होते. ती तेव्हाच तुझी झाली, लॉकर आमचा असला तरी. म्हणजे ती भेट आहे, वारसा नव्हे, आणि माफी फक्त वारशाला आहे. व्हॅल्युअरने विचारलं, "ही पण त्यांचीच ना? एका ओळीत लिहून टाकतो." त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी म्हटलं, नाही, ही माझ्या मुलीची. मग त्याने वेगळा कागद घेतला.

तेव्हा ती न्यायची तर त्सोलला स्वतंत्र दाखवून न्यायची. 32 ग्रॅम आहे, साडेतीन लाख धरू, म्हणजे भाव 100 धरून 3,500 युरो. विमानाने येणाऱ्याची सूट 430 युरोंची, ती इथे पुरत नाही. दागिन्यावर अडीच टक्के शुल्क, साधारण 88 युरो, आणि त्या सगळ्यावर 19 टक्के आयात व्हॅट, 680 च्या आसपास. एकूण पावणेआठशे युरोंच्या जवळ जाईल. तुझ्या आजीने दिलेल्या माळेसाठी परक्या सरकारला एवढे पैसे, मलाही ते जड जातं, खोटं कशाला बोलू. पण आजीने काय दिलं आणि कधी दिलं, हे माझ्या सहीने बदलून लिहायचं माझ्याकडून होणार नाही. भर किंवा इथे ठेव, दोन्हीला माझी ना नाही. इथे ठेवलीस तर लॉकरमध्ये नथीशेजारी राहील. माझं मन विचारशील तर पैसे भर आणि घेऊन जा. तीन वर्षं ती अंधारात पडली आहे, आणि तिच्या फाशाचा दोरा आताच कुजायला लागलाय. गाठवायला टाकायची असेल तर पटवेकरी आठ दिवस मागतो, म्हणून काय ते या शुक्रवारपर्यंत कळव.

बाबांची शुगर बरी आहे. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. येताना रिकामी दागिन्यांची पेटी आणू नकोस. आजीचा पितळी डबाच घेऊन जा, त्याची किंमत व्हॅल्युअरने 200 रुपये लिहिली आहे.