मंजुरीचा नकाशा म्हणजे घराचे डिझाइन नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की लहान शहरांत घरबांधणीचा हंगाम सुरू होतो. प्लॉटची मोजणी होते, कर्जाची फाइल लागते आणि बहुतेक कुटुंबे नगरपालिकेजवळच्या एखाद्या कार्यालयातून ‘प्लॅन काढून’ आणतात. त्यावर मंजुरीचा शिक्का बसला की तोच कागद ठेकेदाराच्या हातात जातो. पुढच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ इथे आहे, म्हणून हे पत्र.

मंजुरीच्या नकाशात प्लॉटची हद्द, सामासिक अंतरे (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), खोल्यांची मापे आणि चटईक्षेत्राचा म्हणजे एकूण बांधकाम क्षेत्राचा हिशेब असतो. फुटिंग (कॉलमखालचा पायाचा रुंद तळ) किती खोल, कॉलम म्हणजे खांब केवढा, स्लॅबमध्ये कोणती सळई किती अंतरावर, यातले काहीच त्यात नसते. त्यासाठी सेंटरलाइन (खांबांच्या मध्यरेषा), फुटिंग व कॉलम, प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), प्रत्येक मजल्याचे बीम-स्लॅब, जिना, दारे-खिडक्या, वायरिंग, नळ व ड्रेनेज असे स्वतंत्र नकाशे लागतात. हे नकाशे कोणी दिलेच नाहीत तर ते निर्णय सेंटरिंगवाला (साचा लावणारा) आणि फिटर (सळई बांधणारा) जागेवर उभे राहून घेतात. म्हणून तज्ज्ञाला पहिल्या भेटीतच विचारावे, ‘मंजुरीशिवाय कोणकोणते नकाशे देणार आणि कधी देणार?’ उत्तर लेखी घ्यावे.

कोण काय करतो, हेही नीट समजून घेतले पाहिजे. वास्तुविशारद म्हणजे आर्किटेक्ट जागेची रचना, उजेड, वारा, वावर आणि बांधकामाचे तपशील पाहतो. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ही उपाधी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. त्यांचा नोंदणी क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र हा कायदा उपाधीला संरक्षण देतो, घराची रचना करण्यावर इतरांना बंदी घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे परवानाधारक स्थापत्य अभियंत्याकडून घराचा नकाशा घेण्यात गैर काही नाही. चौकोनी, सपाट प्लॉटवरचे साधे घर अनुभवी अभियंता उत्तम करतो. अरुंद प्लॉट, उताराची जागा, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती असलेली जुन्या वाड्याची जागा असेल, तर वास्तुविशारदाची फी वाचवू नये. उजेडाचा आणि जिन्याचा प्रश्न तिथे कागदावरच सुटावा लागतो.

जिन्यावरून तर तज्ज्ञाची परीक्षाच घेता येते. मजल्याची उंची दहा फूट असेल तर सहा इंची वीस चढ लागतात. दोन टप्प्यांत नऊ-नऊ पायऱ्या (प्रत्येक टप्प्याचा दहावा चढ चौथऱ्यावर किंवा वरच्या मजल्यावर नेतो), प्रत्येक दहा इंच रुंद, म्हणजे साडेसात फूट आणि वळणावरचा तीन फुटी चौथरा, अशी साडेदहा फूट लांबी मोकळी हवी. नकाशात जिन्याला आठ फूट दिले असतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज आठ-नऊ इंचांचा चढ चढावा लागेल. हे विचारल्यावर जो लगेच पट्टी घेऊन मापे दाखवतो, त्याने विचार केलेला असतो.

आरसीसी डिझाइन म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचे गणित, हे तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. ‘फुटाला चार किलो स्टील धरा’ हा खर्चाचा अंदाज झाला, त्याला डिझाइन म्हणत नाहीत. संरचना अभियंता मातीची भारक्षमता, भिंतींचे वजन आणि भूकंपाचा भार धरून गणित करतो. कोयनेचा १९६७चा आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्रात आजही सरसकट नऊ बाय बाराचे कॉलम उभे राहतात, याचे फार वाईट वाटते. भूकंपप्रवण भागासाठीच्या आयएस १३९२० या संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर सांगितली आहे; नऊ इंच म्हणजे जेमतेम २३०. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रिंगेचे हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. हे सगळे नकाशावर लिहिलेले असेल तरच जागेवर मागता येते.

काळ्या मातीत तर संरचना अभियंत्याशिवाय पाया खणूच नये. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया वर-खाली हलवते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या भेगा त्याचीच खूण असतात. आधी चाचणी खड्डा घ्यावा, मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि मगच फुटिंग की पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) हे ठरवावे. जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तर सर्वांत आधी याच माणसाला बोलवावे. त्याने पाया उघडून, कॉलम तपासून होकार दिल्यावरच वरच्या मजल्याचे नकाशे करायला सांगावे.

फी ठरवताना बांधकाम खर्चाच्या टक्क्यांपेक्षा चौरस फुटावर किंवा ठोक रक्कम बरी, म्हणजे खर्च वाढला तरी फी वाढत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: आराखडा पक्का झाल्यावर, मंजुरीनंतर, आरसीसी नकाशे हातात आल्यावर, मग स्लॅबनिहाय. ठेकेदाराने फुकट दिलेला प्लॅन घेऊ नये. ज्याच्या कामावर नजर ठेवायची, त्याच्याच खिशातून तपासणाऱ्याचे पैसे निघत असतील तर तपासणी कोण करणार?

करारात साइटवरच्या भेटी मोजून लिहाव्यात. पायाचा खड्डा पाहून, फुटिंगची जाळी बांधल्यावर, प्लिंथ बीमला, प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी आणि प्लॅस्टरपूर्वी पाइपांची चाचणी घेताना, एवढ्या भेटी किमान हव्यातच. स्लॅबच्या तपासणीत बाल्कनीकडे खास लक्ष हवे. बाहेर झुकलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि खाली आधाराच्या खुर्च्या नसतील तर ती दबते. पाच इंची स्लॅबमध्ये ती दीड इंच खाली गेली तर बाल्कनीची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, आणि वरून काहीच दिसत नाही. त्याच दिवशी काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासण्याचे ठोकळे) भरून घ्यावेत. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल मागावेत.

तज्ज्ञाचे जुने काम पाहायचे तर नवे घर पाहू नका. पाच-सात पावसाळे काढलेले घर पाहा, तेही पाऊस संपता संपता. गच्चीवर पाणी साचते का, न्हाणीघराच्या खालच्या छताला ओल आहे का, बीम आणि विटांच्या सांध्यात भेग आहे का, हे पाहावे. घरमालकाला विचारावे की अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्चात किती फरक पडला आणि अडचण आली तेव्हा तज्ज्ञ जागेवर आला का. मंजुरीला एक आणि जागेवर दुसरेच बांधू, असे सुचवणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरण्याची परवानगी) अडते तेव्हा तो सोबत नसतो.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने २०२० पासून लहान भूखंडांवरील घरांची परवानगी सोपी केली, ते चांगलेच झाले. पण त्यामुळे सही करणाऱ्या तंत्रज्ञाची जबाबदारी वाढली आहे. म्हणून नगरपालिकांनी परवानाधारक तंत्रज्ञांची यादी दर्शनी भागात लावावी आणि लहान घराच्या बांधकामावरील फलकावरही संरचना अभियंत्याचे नाव व परवाना क्रमांक सक्तीचा करावा, अशी आपल्या दैनिकातून विनंती आहे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, सातारा