ला बोंबोनेरात नेणाऱ्या वाटाड्यांचे आभार

ब्युनोस आयर्समधल्या ला बोंबोनेरा स्टेडियमवर बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबची मॅच बघायला आलेल्या पाहुण्यांना सांभाळून नेणाऱ्या स्थानिक वाटाड्यांनो, तुमचे मनापासून आभार. इथली बहुतेक तिकिटं क्लबच्या सभासदांनाच मिळतात. ऐनवेळी खिडकीवर घेऊ म्हणणारा बाहेरच राहतो. गेटजवळ कुणी सभासदाचं कार्ड विकत असेल तर घेऊ नका, हे तुम्ही न कंटाळता बजावता. पासपोर्ट जवळ हवा, कारण प्रवेशाआधी ओळख तपासतात. लाल-पांढरा शर्ट अजिबात नको, ते रिव्हर प्लेट या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचे रंग!

सगळ्यात मोलाची तुमची शिकवण उभ्याने मॅच बघायच्या ‘पॉप्युलार’ स्टँडची. तिथल्या आडव्या लोखंडी कठड्याला पोट टेकवून उभं राहायचं नाही. गोल झाला की वरची गर्दी पायऱ्यांवरून खाली लोटते आणि माणूस कठड्यावर चेपला जातो. मधला भाग कट्टर समर्थकांचा, म्हणून कडेला थांबायचं. सगळे एकदम उड्या मारतात तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरतं, घाबरायचं नाही.

आत बिअर मिळत नाही. चोरिपान, म्हणजे पावात घातलेलं भाजलेलं सॉसेज, बाहेरच खाऊन घ्यावं. आणि परतताना स्टेडियमभोवतालच्या ला बोका वस्तीतल्या आडगल्ल्या टाळून गर्दीबरोबरच चालायचं, हेही तुमच्यामुळेच कळलं.