सायटेशनचे आकडे विषय पाहून वाचावेत

महोदय,

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी जाहीर होते आणि आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्राध्यापकांची नावे छायाचित्रांसह झळकतात. लहान गावांत, अपुऱ्या साधनांवर संशोधन करणाऱ्यांचे असे कौतुक झालेच पाहिजे. मात्र या बातम्यांतून शोधनिबंध किती, सायटेशन (म्हणजे इतर निबंधांत त्यांना दिलेले संदर्भ) किती आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स किती एवढेच वाचकांपर्यंत येते, आणि मग रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे आकडे गणिताच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकांच्या आकड्यांशेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवले जाते. गणित शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे फार खटकते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मार्गदर्शक आणि त्यांचे विद्यार्थी मिळून वर्षाकाठी अनेक निबंध लिहितात, प्रत्येक निबंधाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात आणि त्यांतले बरेचसे अलीकडच्या काही वर्षांतले असतात. गणिताचा निबंध एकट्याने किंवा दोघा-तिघांनी लिहिलेला असतो, त्यात संदर्भ पंधरा-वीस, आणि त्यांत चाळीस वर्षांपूर्वीचे प्रमेयही असते. ज्या विषयात संदर्भच कमी दिले जातात, त्या विषयातल्या कोणाच्या वाट्याला ते जास्त येणार कुठून? एकरी केळीचा उतारा कापसाच्या कितीतरी पट भरतो, म्हणून कापूस पिकवणाऱ्याला आपल्याकडे कोणी कमी कष्टाळू म्हणत नाही.

एच-इंडेक्स 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. ज्याच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी वीस किंवा अधिक सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स किमान वीस. जीवशास्त्रातील आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे येतात आणि एका आकड्यातून माणसाच्या कामाचा ढोबळ अंदाजच मिळतो, हे स्वतः हर्श यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले आहे. दोन टक्क्यांची यादी करणारे जॉन आयोनिडिस यांनीही शास्त्रज्ञांची 22 क्षेत्रांत आणि 174 उपक्षेत्रांत विभागणी केली आहे, स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून वेगळा क्रम दिला आहे, एकट्याने किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेल्या निबंधांचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि संपूर्ण कारकिर्दीची व एका वर्षाची अशा दोन निरनिराळ्या याद्या केल्या आहेत. एवढी काळजी घेऊन केलेल्या कामातले नेमके हेच तपशील आपल्या बातम्यांत गळतात.

1951 मध्ये लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिने मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळांना ती रोज लागत असल्याने त्या निबंधाची सायटेशन तीन लाखांवर गेली. उलट 1964 मध्ये मूलकणांविषयीचा मूलगामी विचार मांडणाऱ्या पीटर हिग्ज यांचे त्यानंतरचे निबंध दहासुद्धा नाहीत. 2013 मध्ये नोबेल मिळाले त्या वर्षी, आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असे ते म्हणाले होते.

आपल्या भागापुरते बोलायचे तर नुकसान अधिकच आहे. रावेर-यावलच्या केळीवर मावा किडीमार्फत पसरणाऱ्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूवर कोणी चांगले काम केले, तर त्याचा उपयोग बागायतदारांना, रोपवाटिकांना आणि कृषी सहायकांना होतो. यांपैकी कोणीच शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे हा उपयोग सायटेशनमध्ये मोजला जात नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’सारख्या नियतकालिकांत मराठीतून लिहिलेल्या लेखांची दखल तर हे आंतरराष्ट्रीय मोजमाप सहसा घेतच नाही. महाविद्यालयीन संशोधन पुरस्काराच्या एका बैठकीला मी होतो. समोर आलेल्या तक्त्यात नाव, निबंध, सायटेशन आणि एच-इंडेक्स असे रकाने होते, विषयाचा रकानाच नव्हता. अहिराणी लोकगीतांवर अनेक वर्षे काम केलेल्या प्राध्यापिकेच्या नावापुढे शून्य होते. त्यांचे पुस्तक टेबलावर होते, पण ते कोणी उघडले नाही. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा वेळ नसल्याचे उत्तर मिळाले.

तुलना करायचीच असेल, तर त्याच विषयातील त्याच वर्षीच्या निबंधांच्या सरासरीशी करावी, ही जगभर रूढ असलेली रीत आहे. समजा, एका विषयात सरासरी वीस सायटेशन मिळतात आणि एखाद्या निबंधाला तीस मिळाली, तर तो सरासरीच्या दीडपट ठरतो. दुसऱ्या विषयात सरासरी चार असताना आठ मिळाली, तर तो निबंध दुप्पट ठरतो, म्हणजे आकडा लहान असूनही पुढे आहे. हा हिशेब करायला फार वेळ लागत नाही.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की यादीची बातमी देताना प्रत्येक नावापुढे उपविषय आणि यादी कारकिर्दीची की एका वर्षाची, हे अवश्य छापावे. शक्य झाल्यास त्या व्यक्तीने नेमके काय शोधले हेही दोन ओळींत सांगावे. महाविद्यालयांच्या समित्यांनी तक्त्यात विषयाचा रकाना घालावा आणि प्रत्येक उमेदवाराचे त्याच्या मते सर्वांत चांगले असे दोन निबंध मागवून, बैठकीच्या आधी ते त्या विषयाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

आपला,
गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक,
अमळनेर, जि. जळगाव