लिफ्टच्या आधी जमीन

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, गॅरेजमधल्या गाड्या उचलायच्या दोन खांबी लिफ्टचा ॲडव्हान्स देण्याआधी जमिनीचं ठरवू या. या वयात गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये उतरणं थांबणार याचा मला फार आनंद आहे. पण तुम्ही उभे राहणार त्या गाडीखाली, म्हणून जमिनीत काटकसर नको. गाडी वर गेली की दोन्ही खांब आत, गाडीकडे झुकू बघतात आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर ओढले जातात. ते धरून ठेवायचं काम काँक्रीटचं.

शहाबादी फरशी पूर्ण काढा. आपल्या सांगलीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; एक खांब जरा खचला की गाडी तिरकी उचलली जाते. सोलिंगच्या, म्हणजे दगडांच्या थराच्या खाली निदान दोन फूट काळी माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसलेला. दोन फूट एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा मुरूम पोकळच राहतो. त्यावर सहा इंच सोलिंग, तीन इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), मग 200 मिमी एम-25 ताकदीच्या काँक्रीटचा स्लॅब. कॅटलॉगात चार इंच लिहिलेले असतात, पण ते चांगल्या, घट्ट जमिनीवरचं किमान. वर कोबा केलात तर त्याची जाडी यात धरायची नाही. बोल्टची पकड स्लॅबमध्येच हवी.

सळई 10 मिमीची, 150 मिमी अंतरावर, वर-खाली दोन जाळ्या, 50 मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट. लिफ्टच्या बेसप्लेटचा (खांबाच्या तळाच्या प्लेटचा) पुठ्ठ्याचा साचा आधीच कापून जाळीवर ठेवा आणि बोल्टच्या भोकांखाली येणाऱ्या सळया थोड्या सरकवून बांधा. नाहीतर ड्रिल सळईवर अडकतं, भोक सरकवावं लागतं, आणि दोन भोकं जवळ आली की मधलं काँक्रीट फुटतं. स्लॅबचा जॉइंट खांबाजवळ नकोच, कारण वेज बोल्ट (भोकात फाकून पकड घेणारा) आवळला की तो काँक्रीटला बाजूला रेटतो आणि कड निघून येते. विजेचा पाइपही बेसप्लेटखालून नको.

7 बाय 4 मीटरच्या बेला (लिफ्टच्या जागेला) 5.6 घनमीटर काँक्रीट लागतं, सहा घनमीटरची एक मिक्सर गाडी मागवा. कामगार "जरा पाणी सोडा, घट्ट आहे" म्हणतील, सोडू देऊ नका. पसरायला सोपं होतं, पण ताकद जाते. व्हायब्रेटर लावा. त्याच काँक्रीटचे सहा क्यूब (ठोकळे) भरून घ्या, तीन 7 दिवसांनी आणि तीन 28 दिवसांनी तपासायला. वॉशिंगच्या पाण्यासाठी उतार हवा असेल तर तो शेजारच्या बेमध्ये. लिफ्टची बे सपाट.

आई, क्युरिंग, म्हणजे स्लॅब ओला ठेवणं, तुझ्याकडे. दुसऱ्या दिवशी आळी बांधून किमान दहा दिवस पाणी उभं ठेव. दुपारी आळी कोरडी दिसली तर लगेच भर, संध्याकाळची वाट बघू नकोस.

बोल्ट 28 दिवसांनंतरच. भोकातली धूळ ब्रश आणि पंपाने पूर्ण काढायची. धुळीत बोल्ट घसरतो. टॉर्क (नट आवळायचा जोर) लिफ्टवाल्याच्या कागदाप्रमाणे, टॉर्क रेंचने. नट फिरतच राहिला आणि बोल्ट वर येऊ लागला, तर त्या खांबावर गाडी चढवायची नाही, बाबा. मला फोन करा.

आता लिफ्टवाल्याकडून फाउंडेशनचं ड्रॉइंग मागून त्याचा फोटो पाठवा. आणि वर गेलेली गाडी छताला लागू नये म्हणून पत्र्याखालची कैची जमिनीपासून किती उंच आहे, तेही टेप लावून मोजा.

तुमची लेक